कुठलं बोट?

ताईच्या बोटांना घरात जो मान होता, तो दादांनाही निवृत्तीनंतर उरला नव्हता. ताई एका मोठ्या कचेरीत टंकलेखिका होती आणि अकरा वर्षं तात्पुरती होती. तात्पुरती म्हणजे किती दिवस, असं तेव्हा कुणी विचारत नसे. कचेरीच्या लाकडी जिन्याच्या पायऱ्या झिजून दोनदा बदलल्या, चार साहेब आले आणि गेले, ताई आपली तात्पुरतीच. तात्पुरत्या माणसाला आजारी पडायची सोय नसते. एक दिवस आपण गेलो नाही तर त्या खुर्चीत दुसरं कुणी बसतं, आणि बसलेलं माणूस उठतंच असं नाही. बाराव्या वर्षी एकदाची कायम होण्याची परीक्षा निघाली. सोमवारी सकाळी साडेदहा वाजता, दहा मिनिटांत चारशे शब्द, चुका पाचाच्या आत. ‘पुन्हा संधी दिली जाणार नाही’ हे वाक्य पत्रात खाली एकटंच एका ओळीवर उभं होतं.

दादा तिचे थोरले भाऊ, अठरा वर्षांनी मोठे. शाळेत चित्रकला शिकवून त्याच वर्षी घरी बसलेले. पण हाताला सवय होती, ती काही बसायला तयार नव्हती. परीक्षेचं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी मोठ्या पुठ्ठ्यावर ताईचे दोन्ही पंजे हुबेहूब काढले. प्रत्येक बोटाला वेगळा रंग, आणि त्या बोटानं दाबायची अक्षरं त्याच रंगात शेजारी. नऊ बोटं रंगली. शब्दांमधली मोकळी जागा उजव्या अंगठ्यानं सोडतात, डाव्या अंगठ्याला यंत्रावर काही कामच नसतं, म्हणून तेवढा एक अंगठा त्यांनी पांढरा ठेवला. तक्ता जेवायच्या टेबलासमोर भिंतीवर टांगला. आठवड्याभरात वहिनीही त्या भाषेत बोलू लागल्या. “वन्सं, तुमच्या हिरव्या बोटाला शाई लागलीय,” असं त्या सहज म्हणत.

पत्र आल्यापासून ताईला सुरी बंद, इस्त्री बंद, शेगडी बंद, खिडकीची कडीसुद्धा बंद. चहाचा कप दोन बशांत ओतून गार करून तिच्यापुढे येई. सुरुवातीला तिला हे सुख वाटलं. चौथ्या दिवशी आपण माणूस नसून उसनं आणलेलं काचेचं भांडं आहोत असं वाटायला लागलं, पण बोलायची सोय नव्हती. घर तिच्यावर चाललं होतं, आणि ते तीही जाणून होती.

अशात बुधवारी वारा सुटला आणि कुंपणापलीकडच्या झाडाची एक दांडगी फांदी अलीकडे, यांच्या अंगणात येऊन पडली.

तेव्हा न्हाणीघरातल्या बंबाला लाकूड लागे, आणि वखारीतून फोडलेलं लाकूड आणणं हे दादांना निवृत्तीनंतर फार खुपू लागलं होतं. फांदी पाहून त्यांचा चेहरा असा उजळला की जणू झाडानं त्यांच्यासाठीच ती राखून ठेवली होती. ताई एवढंच म्हणाली, की दादा, सोमवार होऊन जाऊ दे. दादांना ते पटलंही असतं. पण मध्ये सरकारी खातं आलं.

झाड कुंपणापलीकडचं म्हणजे उद्यान खात्याचं. खात्यात उभं झाड तोडायचा अर्ज होता, पडलेलं झाड उचलायचा होता, फांदीचा नव्हता. खिडकीतल्या कारकुनानं सांगितलं की झाड म्हणूनच लिहा. मग रकाना आला, उंची. दादा म्हणाले की ती आडवी आहे. कारकून म्हणाला, उभी केली तर किती होईल ते लिहा. दादांनी उंची तर लिहिलीच, शिवाय समोरून, बाजूनं आणि वरून अशी तीन चित्रं काढून जोडली. कारकुनाला ती इतकी आवडली की त्यानं ती अर्जातून सोडवून स्वतःच्या मागच्या भिंतीला लावली आणि अर्जासोबत चित्रं नाहीत म्हणून अर्ज परत केला. दुसऱ्या खेपेला अर्ज तीन प्रतींत छापील हवा झाला. तो ताईनं छापून दिला. शुक्रवारी परवानगी मिळाली, ती रविवारच्या सूर्यास्तापर्यंतची. त्यानंतर फांदीचा जो भाग जागेवर राहील तो खात्याचा.

“माझा इलाज नाही,” दादा ताईला म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण डोळ्यांत नव्हतं.

शेजारच्या सुतारानं करवत आणि कुऱ्हाड उसनी दिली आणि बजावलं की लाकूड ओलं आहे, तोडून दोन महिने वाळू द्या, मगच फोडा. दादांनी मान डोलावली आणि घरी येऊन सांगितलं की धंद्यातलं गुपित कुणी सरळ सांगत नाही. वरच्या मजल्यावरच्या कॅप्टननीही याला दुजोरा दिला. कॅप्टन एकटे राहत. ते कॅप्टन होते ते एका कचेरीच्या कॅरम संघाचे, आणि तेही एकच हंगाम. पण हुद्दा चिकटला होता आणि त्याबरोबर आज्ञा देण्याची ढबही.

शनिवारी ताई अर्ध्या दिवसानं घरी आली तेव्हा वहिनी दारातच दादांचे लोकरीचे मोजे घेऊन उभ्या होत्या. अंगणात लाकूडकाम चालणार, हवेतून एखादी ढलपी उडाली तर काय घ्या. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मोजे चढले आणि वरून नाडीनं बांधले गेले. ताईला खिडकीशी खुर्ची मिळाली. मांडीवर ते दोन लोकरी गोळे ठेवून ती बसली. नाकाला खाज आली तेव्हा तिनं ती गजाला घासली.

दादांनी कामाचा नकाशा आदल्या दिवशीच काढला होता. दोन खोक्यांवर फांदी आडवी, मध्ये खडूची रेघ, रेघेवर करवत. फांदी हलू लागली म्हणून कॅप्टन आपणहून तिच्या बाहेरच्या टोकावर जाऊन बसले. नकाशात कॅप्टन नव्हते. ही एवढीच चूक झाली. करवत पार झाली तशी फांदीचे दोन तुकडे झाले, कॅप्टनच्या वजनानं त्यांच्या तुकड्याचं बाहेरचं टोक खाली गेलं आणि आतलं, ताजं कापलेलं टोक वर उसळून दादांच्या हनुवटीवर बसलं. दादा त्या वेळी “झालं” म्हणत होते. ‘झा’ म्हणून झाला होता आणि ‘लं’साठी जीभ दातांत होती.

ताई खिडकीत उभी राहिली. एवढ्या वर्षांत दादांच्या तोंडून तिनं उपदेशाशिवाय काही बाहेर येताना पाहिलं नव्हतं, आता रक्त येत होतं. कॅप्टन चिखलात बसले होते आणि माकडहाडाविषयी काहीतरी पुटपुटत होते.

दवाखान्याचे कंपाउंडर दोन घरं सोडून राहत. त्यांनी दादांच्या जिभेला औषध लावलं, जिभेला पट्टी बांधता येत नाही याबद्दल खेद व्यक्त केला आणि तीन दिवस बोलणं बंद केलं. दादांनी शाळेतली जुनी पाटी काढली. तिच्यावर पहिलं वाक्य आलं ते असं: ‘उद्या फोडायचं.’

कॅप्टन जाताना एक सल्ला देऊन गेले. कुऱ्हाडीचा दांडा जरा ढिला लागतोय, रात्रभर बंबाजवळ ठेवा, उबेनं घट्ट बसेल. वास्तविक ढिला दांडा पाण्यात भिजवून फुगवतात, वाळवला तर तो आकसतो, हे सुतारानं नंतर सांगितलं, पण तेव्हा ऐकायला कुणी धड उरलं नव्हतं.

रविवारी सकाळी ताई मोजे घालून खिडकीत बसली. दादांनी ओंडका उभा केला, त्यावर खडूनं बरोबर मध्यातून व्यास काढला आणि कुऱ्हाड डोक्यामागे नेली. पुढे आला तो नुसता दांडा. दादांनी तो ओंडक्यावर मोठ्या आवेशानं आपटला आणि मग टोकाकडे बघत राहिले. पातं मागच्या मागे सुटून वर गेलं होतं. ताईनं ते जाताना पाहिलं. इतकं जड लोखंड इतक्या निवांतपणे वर चढतं याचाच तिला धक्का बसला. मग वरून काच फुटल्याचा आवाज आला, आणि त्याच्या पाठोपाठ बशांचा. अंगणात उशीवर बसलेले कॅप्टन मनातल्या मनात बशा मोजत वर धावले. तिसऱ्या पायरीवर त्यांचा पाय मुरगळला.

“आता जाऊ दे ना, दादा,” ताई खिडकीतून म्हणाली.

दादांनी पाटी वर केली. ‘सूर्यास्त ६:४०.’

पातं परत आलं, पाचर मारून बसवलं गेलं, आणि खरं सांगायचं तर दुपारपर्यंत दादांनी चाळीसेक लाकडं फोडली. ओल्या लाकडात कुऱ्हाड रुतून बसे. मग लाकडासकट उचलून आपटावी लागे. दादांच्या तळहातांना फोड आले, नडगीला एक ओंडका चाटून गेला, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. त्याला जिभेचंही कारण होतं. वहिनी वाहून नेत होत्या. पाच-पाच लाकडं नेत होत्या तोवर ठीक होतं. मग त्यांना वाटलं की खेपा वाचवाव्यात, म्हणून अकरा उचलली, आणि न्हाणीच्या दाराशी पोचल्यावर त्या वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. पाठीत उसण भरली होती. त्यांना त्याच आकारात उचलून न्हाणीतल्या स्टुलावर बसवलं.

पाठ शेकायला गरम पाणी हवं. पाण्याला बंब पेटायला हवा. दादांनी मोठ्या अभिमानानं आपल्याच हातची ताजी लाकडं बंबात सारली, आणि ती पेटेपर्यंत उरलेली लाकडं रचायला ते बाहेर आले. उन्हाची तिरीप न्हाणीच्या दारावर होती, तिथं लाकडं वाळतील असा विचार करून त्यांनी दार लोटलं आणि त्याला टेकून उतरंड रचली. खाली जाड, वर बारीक, टोकाला एकच. ते दोन पावलं मागे सरले, एक डोळा मिटून बघितलं, आणि वरचं लाकूड जरासं डावीकडे सरकवलं.

ओलं लाकूड पेटत नाही, धुमसतं. आतून वहिनींचा खोकला आला. मग दाराच्या फटींतून धूर आला. मग वहिनींनी दादांना अशी हाक मारली की संसाराच्या तीस वर्षांत मारली नव्हती. त्यांना उठता येत नव्हतं. दार बाहेर उघडणारं, बाहेर उतरंड. दादांना ओरडता येईना, ते हात हवेत नाचवत लाकडं वरून एकेक उतरवू लागले. घाईतसुद्धा ते जाड एकीकडे आणि बारीक एकीकडे ठेवत होते.

ताई खुर्चीवरून उठून धावली. मोज्यांतून लाकूड धरवेना, निसटे. तिनं दातांनी नाड्या सोडल्या, मोजे ओढून फेकले, आधारासाठी डावा हात चौकटीवर ठेवला, आणि उजव्या हातानं जे पहिलं हाताला लागलं ते ओढलं. ते सर्वांत खालचं होतं. उतरंड एकदम आली. एक जाड ओंडका घरंगळत चौकटीवर आदळला, आणि चौकट व ओंडका यांच्या मध्ये ताईचा हात होता.

दार उघडलं. धुराच्या लोटातून दादांच्या आधारानं वहिनी वाकलेल्या, काजळल्या डोळ्यांनी बाहेर आल्या. ताई एका हातानं दुसरा हात पोटाशी घट्ट धरून भिंतीला टेकली होती. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता.

“कुठलं बोट?” वहिनी म्हणाल्या.

वर खिडकीत कॅप्टन पाय बादलीत सोडून बसले होते. तेही ओणवून म्हणाले, “कुठलं बोट?”

दादांनी पाटी शोधली. खडू दोनदा मोडला. ‘कुठलं बोट?’

ताईनं तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग हळूच मूठ सोडून हात पुढे केला. डावा अंगठा निळा पडत होता आणि नखाखाली रक्त जमत होतं.

वहिनींनी सावकाश वाकून पाहिलं, म्हणजे त्या वाकलेल्या होत्याच. “पांढरं,” त्या म्हणाल्या. “अहो, पांढरं बोट आहे. सुटलो.”

आणि मग त्या अंगणात जे झालं ते ताई पुढे कधी विसरली नाही. दादांनी कपाळावरचा घाम पुसून आकाशाकडे बघत हात जोडले. वहिनींना हसू फुटलं, हसताना उसण कळ मारत होती, तरी हसू थांबेना. वरून कॅप्टननी टाळ्या वाजवल्या आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं की नशीब लागतं. ताईला वाटलं आपल्याला ऐकू काहीतरी दुसरंच येतंय. तिचा अंगठा ठणकत होता, ठणका कोपरापर्यंत चढत होता, आणि तिच्याभोवती घरातली माणसं आनंदानं रडायच्या बेतात होती. तिनं ओंडक्याकडे बघितलं. त्यातल्या त्यात तोच एक तिला गंभीर वाटला.

कंपाउंडरनी दार उघडलं ते “आता घरात कोण राहिलं होतं?” असं विचारतच. दादांनी पाटी दाखवली: ‘उद्या परीक्षा. डावा अंगठा. लागत नाही.’ कंपाउंडर म्हणाले, मग काय प्रश्नच नाही. त्यांनी भलीमोठी पट्टी बांधली. दादांनी पुसून लिहिलं: ‘लहान बांधा. शेजारच्या बोटाला अडेल.’ त्यांनी सोडून लहान बांधली. सोडताना आणि बांधताना ताईनं ओठ दाताखाली धरले. त्या दोघांनी पट्टीची रुंदी मोजली.

उरलेली अर्धी फांदी सूर्यास्ताला खात्याची झाली. खातं ती न्यायला कधी आलं नाही. पुढे कितीतरी दिवस ती अंगणात पडून होती आणि दादा तिला वळसा घालून जात.

सोमवारी ताईच्या डब्यात नेहमीपेक्षा जास्त जेवण होतं. वहिनी कंबर धरून दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “वन्सं, अंगठ्याचं मनात आणू नका. तो धरायचाच नाही हिशेबात.” ताईनं डबा उचलला. ती कालपासूनच फारसं बोलत नव्हती. घरात सगळ्यांनी ते एकाग्रतेवर घातलं.

परीक्षेच्या दालनात आठ यंत्रं होती आणि परीक्षक होत्या मोठ्या बाई. टंकलेखन विभागाच्या त्या प्रमुख. सगळी कचेरी त्यांना मोठ्या बाईच म्हणे, आणि त्या जिन्यावरून येताना दिसल्या की साहेबसुद्धा कठड्याकडे सरकत. अकरा वर्षांत त्या ताईशी तीन वेळा बोलल्या होत्या, तिन्ही वेळा समासाबद्दल. हातात घड्याळ घेऊन त्यांनी “सुरू करा” म्हटलं, आठही यंत्रं एकदम धडधडू लागली, आणि बाई रांगेतून चालू लागल्या.

ताईच्या यंत्राशी त्या थांबल्या. ताईनं पहिली ओळ संपवली होती. प्रत्येक ठोक्याबरोबर डावा हात हादरे आणि अंगठ्यातून कळ जाई, पण ती कळ चारशे शब्दांच्या हिशेबात नव्हती म्हणून ताईही तिच्याकडे बघत नव्हती.

“कशानं लागलं?” बाईंनी विचारलं.

“लाकडानं,” ताई म्हणाली. हात थांबले नाहीत.

“दुखतंय का?”

नाही म्हणायला ताईनं तोंड उघडलं. ‘नाही’ जिभेवर अगदी तयार होतं. पण बाहेर आला तो हुंदका, आणि त्याच्यामागून दुसरा, आणि मग तिला थांबताच येईना. चाळिशीची बाई, परीक्षा चालू, सात यंत्रं पळतायत, आणि आपण यंत्रावर डोकं ठेवून शाळकरी मुलीसारखं रडतोय, याचा तिला एवढा धक्का बसला की त्यानं ती आणखीच रडली. अकरा वर्षं गेली, असं तिला लख्ख दिसलं. घर दिसलं, दादांची पाटी दिसली. तरी रडू ऐकेना.

बाई तिच्या आणि बाकीच्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या, पाठ दालनाकडे करून. त्या रुंद होत्या, पलीकडचं काही दिसत नव्हतं. पाठीवर हातही ठेवला नाही त्यांनी. दहा मिनिटं झाली, सात जणींचे कागद गोळा झाले, सात जणी बाहेर गेल्या. मग बाई दाराशी उभ्या असलेल्या कारकुनाला म्हणाल्या, “लिहा. आठ क्रमांकाचं यंत्र अडकलं होतं.” आणि ताईकडे वळून, “तोंड पुसा. नवा कागद लावा. तुमची दहा मिनिटं आता सुरू होतील.”

चारशे सोळा शब्द, तीन चुका. निकाल चार वाजता लागला.

साडेपाचला ताई फाटकात शिरली तेव्हा तिघंही अंगणात होते. दादा पाटी घेऊन, वहिनी भिंतीला धरून, कॅप्टन एका पायावर. ताई म्हणाली, “झाले कायम.” वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. कॅप्टन म्हणाले की त्यांना पहिल्यापासून खात्री होती. दादांनी तर पाटी खाली ठेवली आणि वैद्यकीय सल्ला मोडून, सुजलेल्या जिभेनं, तिचं नाव घेतलं. ते नाव आहे हे कळायला जरा वेळ लागला.

“उद्यापासून घरी आहे मी,” ताई म्हणाली. “शुक्रवारपर्यंत. रजा टाकून आले.”

वहिनींचा पदर खाली आला.

“रजा?” त्या म्हणाल्या. “कायम झालात त्याच दिवशी?”

“कायम माणसाला मिळते. हक्काची. मोठ्या बाईंनी सही केली.” ताईनं पिशवीतून अर्जाची प्रत काढली. तीन प्रतींत छापलेला होता, समास अगदी सारखे. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: डावा अंगठा.

“पण वन्सं, डावा अंगठा टायपाला…” वहिनींनी सुरुवात केली आणि ताईच्या चेहऱ्याकडे बघून वाक्य मध्येच सोडलं. कॅप्टननी उंचावलेला पाय नकळत टेकला आणि ते कळवळले. ज्या अंगठ्यावर सगळ्या घरानं काल सुटकेचा श्वास टाकला होता, त्याच्यासाठी कचेरीनं चार दिवस दिले होते, शिक्का मारून. हे त्यांच्या पचनी पडायला वेळ लागला.

दादांनी पाटी उचलली. काहीतरी लिहिलं, तळव्यानं पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. फोडांमुळे खडू नीट धरवत नव्हता. शेवटी त्यांनी पाटी तिच्याकडे वळवली तेव्हा त्यांची मान खाली होती. पाटीवर एकच शब्द होता.

‘खूप?’

“खूप,” ताई म्हणाली आणि खिडकीशी मांडलेल्या त्या खुर्चीत जाऊन बसली.

आणि पुढचे चार दिवस, कसं दुखतं, केव्हा ठणकतं आणि कुठपर्यंत कळ जाते, हे तिनं विचारलं त्याला आणि न विचारलं त्यालाही सविस्तर सांगितलं. तिघांनी निमूट ऐकून घेतलं. गरम पाणी मात्र कुणालाच मिळालं नाही, कारण लाकूड अजून ओलंच होतं.